सिंहस्थाच्या आधीची घरभरणी

मठपती पंचांग घेऊन आले तेव्हा नागम्मा कॉटवर बसून उजव्या हाताने डावा हात चोळत होत्या. मार्चमध्ये लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं सुधारलं होतं, पण डाव्या हातात भांडं ठरत नव्हतं.

"ह्यो ज्येष्ठ सरला की अधिक आषाढ," मठपती म्हणाले. "अधिकात काही करायचं न्हाई. अन् अधिक संपतोय न संपतोय तोवर सिंहस्थ. म्हंजे घरभरणी थेट पुढल्या साली श्रावणात."

"आपल्याला कसला आलाय सिंहस्थ, अय्या?" सिद्धलिंग म्हणाला. "आपण लिंग बांधणारी माणसं. मुहूर्त पाळू नका म्हणून तुम्हीच प्रवचनात सांगता."

"सांगतो की. अन् माझ्या पोरीचं लगीन चैत्रातच उरकून टाकलं." मठपती हसले. "प्रवचन येगळं, सोयरे येगळे."

नागम्मांना हसू आलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "पुढल्या श्रावणापातुर मी ऱ्हाते का रे?"

नीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. सासूच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी तिला आणि सिद्धलिंगला बाहेर बोलावून दिलं होतं. दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही, येईल मात्र नक्की. नागम्मांनी उदगीरमध्ये चाळीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली होती. स्वतःच्या घरात गुरूचे पाय धुवायचे, एवढं त्यांनी कधीपासून मनात धरलं होतं, आणि ते घर आता देगलूर रोडला चौथ्या मजल्यापर्यंत उभं राहिलेलं रोज दिसत होतं.

इमारत वीरण्णाशेठची होती. रस्त्यावर मोठी पाटी होती: ‘होणाऱ्या जिल्ह्यात घर, आजच्या तालुक्याच्या भावात.' उदगीर जिल्हा होणार ही बातमी दर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी गावात उठायची, तारीख गेली की बसायची. भाव मात्र उठले की बसत नसत. त्यातच वीरण्णाशेठने योजना काढली. गृहकर्ज त्यांच्याच ओळखीच्या कंपनीतून, कंपनीचं कार्यालय नांदेडला. कर्ज घेणाऱ्याच्या नावावर, पैसे परस्पर बिल्डरकडे, आणि ताबा मिळेपर्यंतचं सगळं व्याज बिल्डर भरणार. "घरात पाय ठेवाल त्या दिवसापासून हप्ता," वीरण्णाशेठ सांगायचे. "तोवर माझी डोकेदुखी."

नीला कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होती. सिद्धलिंग मोंढ्यात आडतीवर मुनीम. दोघांच्या पगारात भाडं आणि हप्ता एकाच वेळी बसत नव्हता, म्हणून ही योजना तिने तीनदा वाचली होती आणि तिला ती बरी वाटली होती. एका वेळी एकच द्यायचं. आधी भाडं, मग हप्ता. नीलाचं नाव कर्जात पहिलं, सिद्धलिंगचं दुसरं, आणि जामीनदार म्हणून नीलाचा धाकटा भाऊ केरबा, जो मुखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता.

ज्येष्ठातच घरभरणी करू द्याल का विचारायला सिद्धलिंग वीरण्णाशेठकडे गेला तेव्हा तिथे आणखी दोन घरची माणसं त्याच कामासाठी बसली होती. इमारतीतल्या बाराही कुटुंबांना सिंहस्थाच्या आधीच घरभरणी हवी होती. वीरण्णाशेठने कोणालाही नाही म्हटलं नाही. फरशी नव्हती, दारं नव्हती, नळ नव्हते, लिफ्टच्या जागी चार मजली खड्डा होता. पण पूजेला काय लागतं? जमीन आणि छप्पर. शेठने जिना झाडून दिला, मांडवाचं कापड दिलं, फोटोग्राफरही स्वतःच्या खर्चाने दिला. एका आठवड्यात बारा घरभरण्या झाल्या. जिन्यात एक वरात उतरायची, दुसरी चढायची.

नागम्मांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. कच्च्या सिमेंटवर चटई टाकली. दाराच्या जागी भिंतीत रिकामी जागा होती, तिथे दोन खिळ्यांना आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूची माळ बांधली. गॅसची छोटी शेगडी, पितळी पातेलं, दूध. पाणी घरून दोन कळशा भरून आणलेलं.

मठपती पाटावर बसायच्या आधी शेठचा कारकून कागद घेऊन आला. "वैनी, चावी द्यायची हाय. एक सही."

नीलाने कागद वाचला. ‘सदर सदनिकेचा प्रत्यक्ष व शांततापूर्ण ताबा आज रोजी मिळाला.'

"ताबा?" ती म्हणाली. "आणि चावी कशाची? दारच नाही."

कारकुनाने मागे पाहिलं. वीरण्णाशेठ जिन्यातून वर येत होते, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, हातात नागम्मांसाठी शाल. "काय झालं, ताई?"

"शेठ, हे ताबापत्र आहे."

"मग? ताब्याशिवाय घरभरणी कशी व्हायची? दुसऱ्याच्या घरात पाय धुणार का तुम्ही गुरूचे?" ते मठपतींकडे वळले. "सांगा हो अय्या तुम्हीच."

मठपती अडचणीत आल्यासारखे दिसले. पण प्रश्न शास्त्राचा होता आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं. "घर आपलं असावं लागतं बघा. नसता प्रवेश कशाचा?"

"आम्ही राहायला दिवाळीत येणार आहोत," नीला म्हणाली. "हप्ता तेव्हापासून ना?"

"ताई, बाकीच्यांनी सह्या केल्या. मी इथंच ऱ्हातो, कुठं पळून चाललो का?" शेठने शाल उलगडली. "अव्वाकडं बघा. किती वेळ बसवता त्यांना?"

नागम्मा खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या. त्यांचा डावा हात मांडीवरून घसरून लोंबत होता, तो त्यांनी उजव्या हाताने उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. नीलाने सही केली. सिद्धलिंगने तिच्याखाली केली.

मग नागम्मांनी एका हाताने गुरूचे पाय धुतले. दूध उतू गेलं. फोटोग्राफर म्हणाला, "आज्जी, हसा की जरा," आणि त्या खरोखर हसल्या.

*

पावसाने त्या वर्षी मृग कोरडा घालवला, आर्द्रा कोरड्या घालवल्या. जुलैच्या पाच तारखेला नीलाच्या पगाराच्या खात्यातून पंधरा हजार सातशे रुपये गेले.

तिने मोबाइलवरचा संदेश दोनदा वाचला आणि वीरण्णाशेठना फोन लावला.

"कंपनीच्या कंप्यूटरची गडबड असंल," ते म्हणाले. "मी बोलतो."

ऑगस्टमध्येही तेवढेच गेले. शेठ म्हणाले, बोलून राहिलो. सप्टेंबरमध्ये ते फोनवर आले नाहीत. इमारतीवरचे मजूर एकेक करून परत गेले होते, कारण बांधकामाला पाणी नव्हतं. नगरपालिकेचं पाणी महिन्यातून एकदा यायचं, तेही प्यायला पुरत नव्हतं. त्या पाण्याने सिमेंट कालवू द्या असं कोणी म्हणूही शकत नव्हतं. शेठला हे कारण असं मिळालं होतं की त्याला खोटं म्हणता येत नव्हतं.

नीला रजा काढून एसटीने नांदेडला गेली. मुखेड गेलं, कंधार गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याच्या खालीच पिवळं पडून थांबलं होतं. कंपनीचं कार्यालय वजिराबादेत होतं, काचेचं, थंड. समोर बसलेला अधिकारी तिच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तो सभ्य होता. त्याने पाणी मागवलं.

"मॅडम, चूक काही नाही. आमची योजना ताब्यापर्यंत होती. ताबा जूनमध्ये झाला."

"ताबा झालेला नाही. पूजा झाली."

त्याने फाइल उघडून तिच्याकडे वळवली. ताबापत्र होतं. त्याला जोडून फोटो होता. नागम्मा हसत होत्या, शेगडीवर दूध उतू जात होतं, मागे झेंडूची माळ.

"हा फोटो तुमच्याकडे कसा?"

"बिल्डरने सोबत दिला. बारा जणांचे आहेत."

"या माळेच्या मागे बघा. दार दिसतं का तुम्हाला?"

त्याने खरंच बघितलं. "मॅडम, आम्ही सही बघतो. लाकूड नाही बघत."

"नगरपालिकेचा वापर परवाना नाही त्या इमारतीला. पाण्याचं कनेक्शन नाही. वीज नाही."

"तो त्यांचा आणि नगरपालिकेचा विषय."

"पण व्याज ते भरणार होते."

"हो. तो तुमचा आणि त्यांचा विषय." त्याने फाइल बंद केली नाही, पण हात कागदांवर ठेवला. "आमच्यासाठी कर्जदार तुम्ही. सुरुवातीपासून तुम्हीच होता. ते फक्त तुमच्या वतीनं व्याज भरत होते."

नीलाने पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा ठेवला. "शेवटचा हप्ता बिल्डरला गेला का? ताब्यानंतर द्यायचा तो?"

"जूनमध्येच. ताबापत्र आलं की जातोच."

म्हणजे शेठना सगळे पैसे मिळाले होते, आणि काम पुरं करण्याचं कारण उरलं नव्हतं. हे तिला परतीच्या गाडीत नीट लक्षात आलं. तिने त्यात कुठे चूक आहे का शोधून पाहिलं. चूक नव्हती. एक सही मिळाल्यावर शेठचं व्याज थांबलं होतं आणि शेवटचे पैसे सुटले होते, आणि ती सही मिळवायला त्यांना ना धाक घालावा लागला होता ना खोटी सही करावी लागली होती. सिंहस्थ येत होता, एवढं पुरलं होतं.

हप्ता भरायचा नाही असं सिद्धलिंग म्हणाला. "काय करतील? घर नेतील? नेऊ द्या, दारं न्हाईत त्याला."

"आधी केरबाच्या पगारातून कापतील," नीला म्हणाली. "तो जामीन आहे."

हप्ता जात राहिला, भाड्यासाठी उसनवारी सुरू झाली. मोंढ्यात माल येत नव्हता. आडतवाल्याने त्याला दिवसाआड यायला सांगितलं होतं.

*

बारा घरांना एकत्र केलं निवृत्ती मास्तरांनी. ते शाळेतून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर हाती आलेली सगळी रक्कम त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत घातली होती. मुलाच्या दोन खोल्यांत नातवंडांसोबत राहत होते. "माझं नावच निवृत्ती," ते म्हणायचे, "आणि शेठनं मलाच कामाला लावलं."

ते आणि नीला लातूरला वकिलाकडे गेले. वकील म्हातारा, खोकणारा माणूस होता. त्याने कागद वाचले, चष्मा काढला.

"वापर परवाना नसताना दिलेला ताबा हा ताबाच नव्हे, असं ग्राहक मंचात मांडता येतं. बारा जण एका सुरात सांगणार असतील तर केस बरी आहे. तो ताबा पूजेपुरता होता, घर राहण्याजोगं नाही, म्हणून कोणी राहत नाही. हे तुमचं बळ." त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आता एकच सांगतो. बारांपैकी कोणीही तिथं राहायला जायचं नाही. सामान ठेवायचं नाही, झोपायचं नाही, कुलूप लावायचं नाही. एक बिऱ्हाड जरी राहायला लागलं, तर तो म्हणेल, बघा, राहतात की. मग बाकी अकरांचंही गेलं."

"कोण जातंय तिथं मरायला," मास्तर म्हणाले.

तक्रार दाखल झाली. पहिली तारीख उन्हाळ्यातली मिळाली. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर मास्तरांनी नीलाला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. तुम्ही सांगितलं की लोक ऐकतात. सगळ्यांना बजावून सांगा."

नीलाने बाकी अकराही घरी जाऊन सांगितलं. काही झालं तरी तिथे राहायला जायचं नाही.

*

दुसरा झटका डिसेंबरात आला. नागम्मा वाचल्या, पण उठल्या नाहीत. डावी बाजू पूर्ण गेली. बोलणं एखाद्या शब्दावर आलं. कूस बदलायची, अंग पुसायचं, कपडे धुवायचे, हे सगळं कॉटवर.

नीलाने पाण्याचा हिशोब बसवला होता. अंग पुसायला भिजवून पिळलेलं फडकं, पहिल्या धुण्याचं पाणी दुसऱ्या धुण्याला, दुसऱ्याचं संडासाला. कॉलेजात प्रात्यक्षिकं बंद झाली होती. प्राचार्यांनी ऊर्ध्वपातित पाण्याच्या कॅनला कुलूप लावलं होतं, कारण शिपाई ते प्यायला नेत होते. तरीही घरी रोज सात-आठ घागरी लागतच. आजारी माणसाची चादर कोरडी धुता येत नाही.

मार्चमध्ये घरमालक व्यंकटराव खाली अंगणात उभे राहिले आणि वर यायला तयार होईनात. नीला खाली गेली.

"बोअर आटलं, ताई. साडेतीनशे फूट. दोन महिने गढूळ येत होतं, काल निस्ती हवा आली."

"टँकर घेऊ. आमचा वाटा देऊ."

"टँकर चार दिवसांनी एक मिळतोय. त्यात आम्ही सहाजण." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तुमच्या घरी आजारी माणूस. मला बोलता येईना, पण पाडव्यापातुर काही बघा. ह्या महिन्याचं भाडं नका देऊ."

"व्यंकटराव, आम्ही नऊ वर्षं राहतो तुमच्याकडे."

"म्हणून तर सांगायला दोन महिने लावले."

ते चांगले गृहस्थ होते आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडताही आलं नाही.

नीला आणि सिद्धलिंग खोल्या शोधत फिरले. त्या उन्हाळ्यात उदगीरला घरमालक भाडं शेवटी विचारत. आधी विचारत माणसं किती. मग विचारत लहान मूल आहे का, कोणी आजारी आहे का. सिद्धलिंगने एके ठिकाणी आई आजारी नाही असं सांगून टाकलं. मालकीण म्हणाली, मग त्यांना बघू द्या की खोली, घेऊन या.

निलंग्याला सिद्धलिंगची बहीण होती, रत्नम्मा. तिने फोनवर रडून घेतलं. तिच्याकडे दोन म्हशी विकल्या होत्या पाण्यापायी, आणि सासरे बोलत नव्हते तिच्याशी त्यावरून. केरबा म्हणाला, घेऊन या, पण मुखेडलाही तेच, आणि डॉक्टर कुठं आहे इथं? नागम्मांना रोज इंजेक्शन लागत होतं. सरकारी दवाखान्यात विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटला घरीच ठेवतात.

पाडव्याला चार दिवस राहिले तेव्हा सिद्धलिंग जेवताना म्हणाला, "आपलं घर हाय की."

नीलाने ताटातून मान वर केली नाही.

"टँकर तिथं खाली उभा ऱ्हातो. शेठची टाकी हाय, मोठी. भरून घेऊ. मोंढ्यातल्या पोरांना सांगून पाणी वर चढवू."

"वकील काय म्हणाले होते?"

"म्हाईत हाय."

"अकरा घरं आहेत मागे."

"अकरापैकी एकानं अव्वाला घ्यावं की मग." तो मोठ्याने बोलला आणि मग आतल्या कॉटकडे पाहून आवाज उतरवला. "मला सांग दुसरी जागा. तू सांग. मी आत्ता जातो."

नीलाने विचार केला. तिला सवय होती, एखादा प्रयोग बसला नाही की एकेक कारण काढून बघायची. खोली नाही. नातेवाईक नाहीत. दवाखाना नाही. व्यंकटरावांच्या अंगणात बसून राहता येईल, पण पाणी त्यांच्याकडेच नाही. प्रत्येक शक्यता काढून टाकल्यावर जे उरलं ते उरलंच.

तिने निवृत्ती मास्तरांना फोन करायला हवा होता. तिने दोनदा नंबर काढला. मास्तर नको म्हणाले असते, आणि त्यानंतरही तिला तिथे जावंच लागलं असतं. तिने फोन ठेवून दिला.

*

नागम्मांना पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी हलवलं. खुर्चीला साडीने बांधून मोंढ्यातल्या चार हमालांनी वर नेलं. लिफ्टच्या खड्ड्यावर सिद्धलिंगने पत्रा आणि दोन फळ्या टाकल्या होत्या. जिन्याला कठडा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर हमाल टेकले तेव्हा नागम्मांनी डोळे उघडून विचारलं, "आपलं?"

"हौदु, अव्वा," सिद्धलिंग म्हणाला. "आपलंच."

भिंतींना आतून गिलावा होता पण त्याला पाणी मिळालेलं नव्हतं. नीलाने बोट फिरवलं तर राखाडी पूड निघाली. सिमेंटला कठीण व्हायला पाणी लागतं, नुसतं सुकून ते कठीण होत नाही. हे ती बारावीच्या मुलांना दरवर्षी सांगत असे. तिने छताकडे पाहिलं. मधोमध एक बारीक रेघ गेली होती. तिने कॉट मधून सरकवून कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे लावायला सांगितलं. हमालांनी का म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत मास्तर आले. ठोठवायला दार नव्हतं म्हणून ते रिकाम्या चौकोनात उभे राहून खाकरले. चार मजले चढून त्यांना धाप लागली होती.

"ताई, मला खालच्या चहावाल्यानं सांगितलं. मी म्हटलं, खोटं."

नीला उठली.

"तुम्हीच सांगत फिरलात ना? माझ्या सुनेला सांगितलंत. राहायला जाऊ नका म्हणून."

"हो, सर."

"मग हे काय? माझी सारी कमाई हाय ह्याच्यात. त्या पहिल्या मजल्यावरच्या पार्वतीबाईनं बांगड्या मोडल्या. अन् तुम्ही… एक वर्ष थांबायचं होतं फक्त."

"कुठे, सर?"

मास्तरांनी कॉटकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा कुठे. मी आत्ता हलवते त्यांना. हमाल खालीच आहेत अजून."

त्यांच्या मुलाच्या दोन खोल्या, त्यात सात माणसं, हे नीलाला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मास्तरांना.

"या," कॉटवरून आवाज आला. नागम्मांनी पाहुणा आला आहे एवढं ओळखलं होतं. "बसा."

मास्तर बसले नाहीत. पण त्यांनी कॉटपाशी जाऊन हात जोडले. नीलाने त्यांना पाणी दिलं, अर्धा पेला, कारण भरलेला पेला देणं कोणालाच शक्य नव्हतं. त्यांनी ते न पिता तिच्या हातात परत दिलं.

"म्हातारीला द्या," ते म्हणाले. "वकिलाला मी काय सांगू आता?"

"खरं ते सांगा."

"खरं हेच की तुम्ही राहून राहिलात इथं." ते जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या उतरून थांबले, भिंतीला हात लावून. "कठडा न्हाई. सांभाळून उतरत जा."

*

पहाटे कुत्रं वर आलं. पाण्याच्या वासाने आलं असेल. नीला जागी झाली तेव्हा ते बादलीत तोंड घालून पीत होतं, आणि मग कॉटजवळ येऊन नागम्मांचा खाली आलेला हात चाटू लागलं. डावा हात. नागम्मांना कळलंच नाही. नीलाने कुत्र्याला हाकललं, बादलीतलं पाणी धुण्याला काढून ठेवलं, हात पुसला. सकाळी तिने रिकाम्या चौकोनावर चादर बांधली. वाऱ्याने ती आत फुगत राहिली.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली टेम्पो थांबला. सुतार मलप्पा आणि त्याच्यासोबत एक माणूस चौकट आणि दार घेऊन जिना चढले. सिद्धलिंग मोंढ्यात गेला होता.

"कोणी मागवलं?" नीलाने विचारलं.

"शेठनं धाडलं, ताई."

फोन वाजला तेव्हा तिला कोणाचा ते बघावं लागलं नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून केला होता.

"ताई, शरणार्थ. कळलं मला. लई बरं वाटलं बघा. अव्वाला वारा लागू नये म्हणून दार पाठवलं. सागवानी न्हाई, पण चांगलं हाय."

"बाकीच्या अकरांना?"

"ते राहायला आले की त्यांनाही. एकदा माणूस ऱ्हायला लागलं की बिल्डिंग जिती होती. अन् एक. संध्याकाळी दोन पार्ट्या यायच्यात, विकायचे राहिलेले दोन फ्लॅट बघायला. तुम्ही काही बोलू नका. निस्तं दार उघडं असू द्या. घरात दिवा दिसला की माणसाला धीर येतो."

"मी दार परत पाठवलं तर?"

"तुमची मर्जी, ताई. मी कोण सांगणारा? घर तुमचं हाय."

त्यांनी फोन ठेवला. मलप्पा दार भिंतीला टेकवून, पागोट्याच्या टोकाने मान पुसत उभा होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. चार मजले लाकूड चढवल्याने तो थकला होता.

नीला आत गेली. नागम्मांची कूस बदलायची वेळ झाली होती, ती तिने बदलली. पाठीवर, कमरेच्या वर, रुपयाएवढी लाल जागा उठली होती. अजून कातडं फुटलं नव्हतं. चादर दारातून उडाली आणि बाहेरची धूळ सरळ कॉटपर्यंत आली. तिने ती जागा कोरड्या फडक्याने टिपली, आणि धूळ बसू नये म्हणून स्वतः मधे उभी राहिली. अशी उभी ती किती वेळ राहू शकणार होती?

ती बाहेर आली. "लावा."

"कुठल्या बाजूला उघडायचं, ताई? आत का बाहेर?"

तिने कॉटची लांबी डोळ्यांनी मोजली, मग चौकोनाची रुंदी, मग जिन्याचा वळसा.

"बाहेर," ती म्हणाली. "आत उघडलं तर कॉट वळत नाही. यांना न्यायचं असेल तेव्हा…" तिने वाक्य पुरं केलं नाही.

मलप्पाने मान हलवली. त्याने चौकट उभी केली आणि भिंतीत पहिलं भोक पाडायला घेतलं. दोन घाव घातले तशी वाळू सुटली आणि भोक त्याच्या मुठीएवढं झालं. त्याने त्यात बोट घालून पाहिलं.

"ह्या भिंतीला पाणीच मारलं न्हाई, ताई. खिट्टी धरती का न्हाई, सांगता येत न्हाई."

"माहीत आहे," नीला म्हणाली. "किती दिवस टिकेल?"

"दार हलकं हाय. आपटू नका, म्हंजे ऱ्हाईल." त्याने भोकात सिमेंट भरलं, कळशीतल्या पाण्याकडे बघितलं, आणि विचारावं की नाही अशा नजरेने तिच्याकडे. तिने स्वतः वाटीभर पाणी घेऊन सिमेंटवर ओतलं, आणि ते आत मुरेपर्यंत चौकट दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून धरली.